सक्ती नियमाची, खर्च विद्यार्थ्याचा

उन्हाळी सुटी लागताच विधी शाखेचे विद्यार्थी सरकारी कार्यालयांत इंटर्नशिपसाठी धावपळ करू लागतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. एका वेळी सलग चार आठवड्यांहून अधिक मात्र नाही. विद्यावेतनाविषयी नियम गप्प आहेत. केंद्राच्या विधी व्यवहार विभागाचे मुख्यालय दिल्लीत, शाखा मुंबई, कोलकाता, चेन्नई व बेंगळुरूत. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने तेथील महिनाभराचे भाडे आणायचे कोठून? वास्तविक सरकारी वकिलांचे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असते. भूसंपादनाच्या दाव्यांत सरकारची बाजू तेथेच तयार होते. शिकण्यास याहून चांगली जागा नाही. तेथे प्रवेश मिळवायचा कसा, हे मात्र नियम सांगत नाहीत.