लाईटचा भरवसा नाही, मग पनीर किती करायचं?

दुधाचा दर पडला की आपल्या नांदेड-लातूरकडं घरोघरी पनीर होतं. ५ लिटर म्हशीच्या दुधाचं जेमतेम किलोभर. ते नासलं तर ५ लिटर दूध गटारात.

पनीरात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, म्हणून ते लवकर बिघडतं. घट्ट दाबा, उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात फ्रिजला ठेवा. पाणी रोज बदला, ३-४ दिवसांत संपवा. बर्फाच्या कप्प्यात जास्त टिकतं. भुसभुशीत होतं, पण भुर्जीला चालतं. चिकट झालं, आंबट वास आला तर फेकाच, लेकराबाळांना देऊ नका.

माझं मत सरळ आहे: उन्हाळ्यात लाईट तासन् तास जाते, तिथं पनीर दोन दिवसांपुरतंच करा. उरलेल्या दुधाचं तूप कढवा. त्यात पाणी राहत नाही, ते फ्रिजाशिवाय टिकतं. ओला चमचा तेवढा घालू नका.