भिंगांचा हव्यास आणि घरचीं माणसें

हौशी छायाचित्रकारांच्या बैठकींत बसण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना तेथील संभाषणाचा मासला सांगावयास नको. कोणाजवळ कोणतें भिंग आहे, त्याचें छिद्र किती मोठें उघडतें, कोणतें भिंग कोणीं विकलें आणि विकून तो कसा पस्तावला, कोणत्या जुन्या यंत्राच्या शटरचा आवाज किती गोड होता, या विषयांवर दोन दोन तास चर्चा रंगते. ज्यासाठीं हा सारा खटाटोप त्या छायाचित्राचा उल्लेख त्या दोन तासांत क्वचितच होतो. या मंडळींत आम्हीही पन्नासांहून अधिक वर्षें बसत आलों आहों. तेव्हां पुढें जें लिहिलें आहे तें बाहेरच्या टीकाकाराचें नाहीं, घरच्याच अपराध्याचें आहे, हें वाचकांनीं प्रथमच ध्यानांत घ्यावें.

या बैठकींत दोन पक्ष नेहमीं आढळतात. पहिला पक्ष जुन्याचा अभिमानी. त्याच्या मतें फिल्म गेली तेव्हांच कला गेली. बारा चित्रांचा रोल असे तेव्हां माणूस विचार करून खटका दाबी, आतां शंभर चित्रें काढतो आणि एकही धड पाहत नाहीं. दुसरा पक्ष नव्याचा उपासक. त्याच्या मतें आपल्या चित्रांत जें उणें आहे तो सध्यांच्या भिंगाचा दोष, आणि पुढचें भिंग आलें कीं तें सारें भरून निघेल. हे पक्ष एकमेकांशीं हिरिरीनें भांडतात; परंतु आमचें स्पष्ट मत असें आहे कीं दोघांची श्रद्धा एकच आहे. चित्राचा गुण कांचेंत असतो, हा तो समान भ्रम. एक गेलेल्या कांचेची पूजा करतो, दुसरा येणाऱ्या कांचेची. या पूजेच्या गडबडींत हौशी छायाचित्रकाराचें जें पहिलें कर्तव्य, म्हणजे आपल्या घरच्या माणसांची नोंद ठेवणें, तें राहून जातें. हाच आमच्या तक्रारीचा मुद्दा आहे.

आमची स्वतःची कथा थोडक्यांत सांगतों, कारण ती पुष्कळांची आहे. सन १९६८ च्या दिवाळींत वडिलांनीं बडोद्यास तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक-थ्री आणून दिला. काळी पेटी, साधें भिंग, फिरवावयास एकदोन खुणा, आणि १२० च्या रोलवर सहा सेंटिमीटर चौरस अशीं बारा चित्रें. पांच वर्षांनीं एका स्टुडिओच्या मालकाकडून जुना यशिका ६३५ घेतला. त्याचें वरचें भिंग पाहण्यासाठीं, खालचें टिपण्यासाठीं. मान खालीं घालून दुधी कांचेवर पाहावें तों उजवें तें डावें झालेलें दिसे. पुढें रशियन बनावटीचा झेनिट, ५८ मिलिमीटरचें हेलिऑस भिंग लावलेला. त्यापुढें परदेशांतून येणाऱ्या एका आप्ताच्या विनवण्या करून मागविलेला पेंटॅक्स के-१०००. आणि १९८६ सालीं, पतपेढीचें कर्ज काढून, निकॉन एफएम-२. त्याच्यामागोमाग २८, ५० आणि १०५ मिलिमीटरचीं भिंगें आलीं. न्हाणीघराच्या झरोक्याला काळें कापड ठोकून तेथें डेव्हलपर व हायपोचीं तबकें मांडलीं. एनलार्जर पाटावर बसविला. पावसाळ्यांत भिंगांना बुरशी चढते म्हणून कपाटांत विजेचा लहान दिवा रात्रंदिवस जळत ठेवला. त्या कपाटाला घरांत ‘देवघर’ म्हणत, आणि त्यांतला उपहास आम्हांस कळत नसे.

या यंत्रांनीं आम्हीं टिपलें काय? सिंहगडावरचा सूर्योदय टिपला, कार्ल्याच्या लेण्यांतील खांबांवर पडणारा प्रकाश टिपला, पालखीच्या वाटेवरचे वारकरी टिपले. मंडईंतल्या एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याच्या सुरकुत्या इतक्या बारकाईनें टिपल्या कीं त्या मोजून घ्याव्या. बारा इंच बाय पंधरा इंच कागदावर त्या सुरकुत्या वाढवून स्पर्धांना धाडल्या. एका मंडळाचें प्रशस्तिपत्रही भिंतीवर लागलें. त्या म्हाताऱ्याचें नांव आम्हीं विचारलें नव्हतें. त्याच्याच वयाचे आमचे वडील दर रविवारीं स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत; त्यांच्या सुरकुत्यांकडे आमचें भिंग एकदांही वळलें नाहीं. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण आमच्यासारख्यांसाठींच झाली असावी.

१९९१ सालीं आई वारली. तेराव्याच्या आंत भिंतीवर लावावयास फोटो हवा होता, म्हणून कपाट उघडलें. निगेटिव्हांच्या पिशव्यांवर क्रमांक होते आणि क्रमांकांची एक वही होती. कोणतें चित्र कोणत्या भिंगानें, किती छिद्रावर, शटरच्या किती वेगानें काढलें याची काटेकोर नोंद तींत होती. तेवीस वर्षांच्या त्या वहींत ‘आई’ हा शब्द आढळला नाहीं. अखेर एका चुलतभावाच्या लग्नांतील गटचित्रांत, तिसऱ्या रांगेंत, दोन डोक्यांच्या मधून दिसणारा तिचा चेहरा तेवढा एका स्टुडिओकडून मोठा करून आणला. फिल्मचे कण साबुदाण्याएवढे उमटले होते. त्यांतून आई ओळखावी लागे.

त्याच दिवसांत सासरहून आलेल्या धाकट्या बहिणीनें आपल्या पेटींतून एक छायाचित्र काढून पुढें ठेवलें. १९७१ सालचें, त्याच बडोद्याच्या कॅमेऱ्यानें तिनें घेतलेलें. आम्ही रोलचीं अकरा चित्रें गडावर संपवून आलों होतों. बारावें उरलें होतें, आणि रोल धुवावयास टाकतां यावा म्हणून तें कसेंतरी संपवावयाचें होतें. बहिणीनें ओटीवर जाऊन आईच्या समोर खटका दाबला. आईच्या मांडीवर सूप, निवडलेले तांदूळ एका बाजूला, मान वर, आणि ‘हें काय मध्येंच’ असा चेहरा. चित्र वांकडें आलें होतें. कोपऱ्यांत बोटाची सावली होती, कारण त्या कॅमेऱ्यांत पाहण्याची खिडकी निराळी आणि भिंग निराळें. आड आलेलें बोट खिडकींतून दिसत नाहीं. आम्हीं त्या वेळीं तें चित्र ‘फुकट गेलेलें’ म्हणून बाजूस टाकलें होतें. तिनें तें उचलून ठेवलें, आणि मागें पेन्सिलीनें लिहिलें, ‘आई, ओटीवर, रविवार.’ आज आम्हां चारही भावंडांच्या घरीं तेंच चित्र भिंतीवर आहे.

कोणी म्हणेल, हा एका घरचा योगायोग झाला. यावरून भिंगांना दोष कां द्यावा? भिंगांना आम्ही दोष देतच नाहीं. उलट, चांगलें भिंग कशासाठीं असतें हें भिंगांचे भक्तच विसरले आहेत, असें आमचें म्हणणें आहे. छिद्राचा आंकडा जितका लहान तितका प्रकाश आंत अधिक. साध्या पेटी-कॅमेऱ्याचें छिद्र आठाच्या आसपास असावयाचें. आमच्या हेलिऑसचें दोन. आंकडा चौथाई झाला कीं प्रकाश सोळा पट होतो. म्हणजे एकाच झरोक्याचें, धुरानें काळवंडलेलें जें स्वयंपाकघर पेटी-कॅमेऱ्याला अंधारकोठडी होतें, तेथें हेलिऑसला दिसूं शकत होतें. चुलीपुढची आई टिपण्यास योग्य असें साधन घरांत आलें होतें. आम्हीं त्याचें काय केलें? तें गळ्यांत अडकवून भर उन्हांत गडावर नेलें, आणि ऊन फार म्हणून छिद्र पुन्हां आठावर आणून चित्रें काढलीं! सोळा पट प्रकाशासाठीं पैसे मोजले, आणि तो प्रकाश जेथें उपयोगीं पडला असता त्या खोलींत तें भिंग कधीं नेलेंच नाहीं. भर उन्हांतल्या, पोस्टकार्डाएवढ्या चित्रांत साधें भिंग कोणतें आणि महागडें कोणतें हा भेद फारसा उरत नाहीं, हें कोणताही प्रामाणिक हौशी छायाचित्रकार कबूल करील.

जुन्याच्या अभिमान्यांना आमचा एक प्रश्न आहे. फिल्मच्या टंचाईनें माणूस विचारी होत असे, असें ते सांगतात. आम्हीं तर उलटाच अनुभव घेतला. चित्रें बाराच, म्हणूनच तीं घरच्यांवर ‘वायां’ घालवावयाचीं नाहींत असा आमचा बाणा होता. घरचीं माणसें काय, उद्यांही आहेतच! टंचाईनें विचार वाढला असेल. पण तो विचार आम्हांस ओटीपर्यंत घेऊन गेला नाहीं. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म बाजारांतून गेली, २००९ सालीं कोडॅक्रोम बंद झाली, तेव्हां आम्हांसही वाईट वाटलें. पण त्या फिल्म भरपूर मिळत होत्या त्या काळांत आम्ही काय करीत होतों, याचा हिशेब कोणी मागत नाहीं.

ज्यांचीं नांवें या कलेच्या इतिहासांत राहिलीं त्यांतील दोघांकडे पाहावें. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही १८१५ सालीं कलकत्त्यास जन्मलेली बाई. १८६३ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, इंग्लंडांत मुलीनें व जांवयानें तिला कॅमेरा भेट दिला. कोळशाच्या खोलीची तिनें अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याची चित्रशाळा. घरांतल्या मोलकरणी, भाच्या, शेजारीपाजारी यांनाच तिनें समोर बसविलें. तिचीं चित्रें अस्पष्ट आहेत म्हणून तत्कालीन जाणत्यांनीं नाकें मुरडलीं. आज तीं जगांतल्या मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेलीं आहेत. दुसरें नांव आपल्या दादासाहेब फाळक्यांचें. यंत्राचें महत्त्व आम्ही नाकारतों असें कोणास वाटत असल्यास त्यानें हें उदाहरण पाहावें. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फाळके १९१२ सालीं विलायतेस गेले आणि तेथून कॅमेरा घेऊन आले. पण तो आणल्यावर त्यांनीं काय टिपलें? वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो तें! घरींच थोडें थोडें टिपून वाढणारी वेल पडद्यावर आणली. ती पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला, आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. यंत्र हवें, तें चांगलेंही हवें. परंतु तें हातीं आल्यावर डोळा कोठें वळतो हा खरा प्रश्न आहे.

आमचे कलावंत मित्र म्हणतील, घरगुती फोटो म्हणजे कला नव्हे. या मित्रांनीं आपलीं तीस-चाळीस वर्षांपूर्वींचीं बक्षिसपात्र चित्रें एकदां बाहेर काढून पाहावींत. सिंहगडावरचा सूर्योदय तेव्हां होता तसाच आजही आहे. तो पाहावयास पहांटे उठून गेलें कीं झालें. पण तो घरघरणारा स्टोव्ह, नऊवारी लुगड्याचा कासोटा घट्ट करून पाणी भरणारी आत्या, दात नसलेल्या तोंडानें सुपारी कातरून मागणारे आजोबा, हें कोणत्या गडावर जाऊन पाहावें? गटचित्रांत पुरुष खुर्च्यांवर आणि बायका मागें उभ्या. ज्या हातांनीं घर चाललें ते हात त्या चित्रांत पुढच्या खुर्च्यांच्या पाठींआड गेले. ही उणीव भरून काढण्याचें काम धंदेवाईक स्टुडिओचें नव्हतें. घरांत कॅमेरा बाळगणाऱ्या हौशी माणसाचें होतें, आणि तें त्यानें केलें नाहीं.

शेवटचा आक्षेप सर्वांत सोपा वाटतो. आतां प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे, आई-आजींचीं चित्रें हवीं तितकीं निघतात, मग ही रड जुनी नव्हे काय? चित्रें निघतात हें खरें. परंतु राहतात किती? ज्या घरांत फोनांतून वीस हजार चित्रें आहेत त्या घरांत कागदावर उतरलेलीं वीस तरी दाखवावींत. फोन पाण्यांत पडला, हरवला, जुना झाला म्हणून बदलला, कीं त्याबरोबर वर्षेंच्या वर्षें जातात. जीं उरतात त्यांत कोण, कोठें, कोणत्या प्रसंगीं, हें लिहून ठेवलेलें नसतें. यंत्र तारीख लिहील. ‘ही कमळाआत्या, शेजारच्या, आपल्याला ताक देत असत’ हें यंत्र लिहीत नाहीं. बहिणीच्या चित्रामागच्या पेन्सिलीच्या तीन शब्दांना आजही पर्याय निघालेला नाहीं.

म्हणून आमची हौशी बंधुभगिनींना स्पष्ट विनंति आहे. एक वर्षभर नवें भिंग घेऊं नये. जें असेल तें घेऊन, त्याचें छिद्र पुरतें उघडून, स्वयंपाकघरांत, ओट्यापाशीं, शिवणयंत्रापाशीं, वडिलांच्या खाटेपाशीं जावें. ‘इकडे बघा, हंसा’ असें न म्हणतां माणसें आपल्या कामांत असतांना, त्यांची ना नसेल तर, टिपावीं. वर्षाअखेर त्यांतलीं बारा चित्रें कागदावर उतरवावीं, प्रत्येकामागें नांव, ठिकाण व तारीख पेन्सिलीनें लिहावी, आणि एकेक प्रत ज्याचें चित्र त्याच्या हातीं द्यावी. मंडळांनींही आपल्या स्पर्धांत एक विभाग असा ठेवावा कीं ज्यांत स्वतःच्या घरचें माणूस नसलेलें चित्र घेतलेंच जाणार नाहीं. मग कोणाच्या भिंगांत काय तेज आहे तें आपोआप कळेल.

आम्हीं स्वतः गेल्या वर्षापासून आरंभ केला आहे. पहिलें चित्र पत्नीचें, पोळ्या लाटतांनाचें. दुसरें, वीस वर्षें आमच्याकडे भांडीं घांसावयास येणाऱ्या बाईंचें. त्यांनीं प्रत हातांत घेऊन बराच वेळ पाहिली, आणि आपलें नांव मागें लिहिलें आहे ना, हें उलटून तपासलें. तिसरें बहिणीचें काढावयाचें आहे. ती म्हणते, प्रथम तुमच्या त्या देवघरांतला दिवा विझवा. तो आम्हीं विझविला नाहीं, कारण पावसाळा आहे. पण बहिणीकडे जाण्याचा दिवस मात्र ठरविला आहे.