तिकीट एक झालं, पुढे?

मुंबई महानगरात ऑक्टोबर २०२५ पासून ‘मुंबई वन’ अ‍ॅपवर ११ परिवहन संस्थांची तिकिटं एकत्र मिळू लागली. रांग वाचली, उत्तमच झालं. पण लोकलमधून मेट्रोत आणि मेट्रोतून बसमध्ये चढणाऱ्याचं भाडं अजून टप्प्याटप्प्याला नव्याने मोजलं जातं.

स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. तिथल्या प्रादेशिक परिवहन संघाचं काम १९९० मध्ये उपनगरी रेल्वेबरोबरच सुरू झालं. तिथे भाडं वाहनावर नाही, विभागावर ठरतं. शहर विभागाचं तासाभराचं तिकीट ट्राम, बस, लोकल सगळीकडे चालतं. गाडी कितीदा बदलली, कुणी विचारत नाही. संघ स्वतः गाड्या चालवत नाही. सेवा आखतो, ठरलेल्या कामाचे पैसे संस्थांना देतो. तूट निम्मी प्रांत सोसतो, निम्मी नगरपालिका. खिशातून पैसे जातात म्हटल्यावर लहान गावही वेळापत्रकात लक्ष घालतं! सलग वस्तीत किमान ३०० रहिवासी, नोकऱ्या किंवा विद्यार्थ्यांच्या जागा असल्या, की तिथे सेवा पोचवायची असा तिथला नियमच आहे.

एकाच तिकिटाच्या या व्यवस्थेला एकदा तडा गेला. डिसेंबर २०१६ मध्ये झ्युरिक सरोवरातल्या बोटींवर तिकिटाखेरीज ५ फ्रँकचा अधिभार लागला. प्रवासी रोडावले, ओरड झाली आणि दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला.

तिकिटापेक्षा अवघड भाग वेळापत्रकाचा. २००४ च्या अखेरीस स्विस रेल्वेच्या ‘बान २०००’ योजनेत झ्युरिक–बर्न प्रवास ५६ मिनिटांवर आणला गेला. आणखी वेगाचा हव्यास धरला नाही, कारण तासाच्या आत पोचलं की दोन्ही टोकांना गाड्यांची गाठ पडते आणि उरलेल्या मिनिटांत प्रवासी फलाट बदलतो. म्हणजे आधी वेळापत्रक ठरलं, मग रूळ कुठे टाकायचे ते. आपल्याकडे आधी मार्गिका उभी राहते, फीडर बसचा विषय उद्घाटनानंतर निघतो.

झ्युरिकच्या पट्ट्यात बहुतेक गाड्या दर तासाला त्याच मिनिटाला सुटतात, म्हणून रोजच्या प्रवाशाला वेळापत्रक पाहावंच लागत नाही. मुंबईची लोकल दर तीन-चार मिनिटांनी येते, तिथे ही कसरत नको. खरी गरज कसारा, कर्जत, पनवेलसारख्या टोकांना आहे. तिथे रात्रीच्या लोकलला जोडून एसटीची शेवटची गाडी सोडायची, आणि लोकल दहा मिनिटं उशिरा आली तर एसटी थांबवायचा अधिकार कुणाला, हे लेखी ठरवायचं. एवढ्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. रेल्वे आणि आगाराच्या अधिकाऱ्यांची एक बैठक पुरते.