लॅटिन मिस्सा ठेवा, पण हे तळ्यात-मळ्यात पुरे

गेला आठवडाभर आपल्या ख्रिस्ती ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. लॅटिन मिस्सा, धूप, जुनी वेदी, फादर लोकांकडे पाठ करून उभे. खाली मजकूर असा, की हीच खरी ख्रिस्तसभा, हिला रोमने छळलं, आता रोमने माफी मागून यांना परत घ्यावं. निम्म्या लोकांनी हात जोडून फॉरवर्ड केलंय. म्हणून लिहितोय. लांब आहे, पण वाचा.

हे लोक कोण? संत पायस दहावे यांच्या नावाची पुरोहितांची संस्था. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी 1970 मध्ये स्वित्झर्लंडात काढलेली. 30 जून 1988 ला पोपने नको म्हटलेलं असताना त्यांनी चार बिशपांचा अभिषेक केला आणि बहिष्कार ओढवून घेतला.

त्यांनी परत यावं का? जरूर यावं. पण घर सोडून जाणाऱ्याची माफी घरच्यांनी मागायची, ही कुठली रीत?

"बिचाऱ्यांना फक्त लॅटिन हवंय" हे तर साफ चूक. 1988 मध्येच त्यांच्यातल्या काही फादरांनी साथ सोडली आणि रोमशी जुळवून घेतलं. त्यांची संत पेत्राच्या नावाची संस्था आजही जुनीच मिस्सा करते. ब्राझीलमधल्या कांपोसच्या जुन्या बिशपांनी तर लफेव्र यांच्या बरोबरीने त्या अभिषेकात भाग घेतला होता. त्यांचे लोक 2002 मध्ये परतले. जुनी मिस्सा राहिली, स्वतःचा बिशपही राहिला. 2009 मध्ये बेनेडिक्ट सोळावे यांनी त्या चार बिशपांवरचा बहिष्कार उठवला. ज्या पोप फ्रान्सिस यांना ही मंडळी नावं ठेवत आली, त्यांनीच यांच्या फादरांना पापनिवेदन ऐकायची परवानगी दिली आणि 2017 मध्ये लग्नांसाठीही वाट काढून दिली. एवढं होऊनही हे बाहेरच! 2012 पर्यंत वाटाघाटी चालल्या, त्या अडल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेवर. लॅटिनवर नव्हे.

त्या परिषदेने 1965 मध्ये सांगितलं, की धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे आणि इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. लफेव्र यांना हे मरेपर्यंत पटलं नाही. त्यांचं म्हणणं, कॅथलिक देशात राज्यही कॅथलिक असावं आणि इतरांना फार तर सहन करावं, हक्क म्हणून काही देऊ नये.

आता हे खुलताबादेत बसून वाचा. एका बाजूला बुऱ्हानुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे, दुसरीकडे भद्रा मारुती, ज्याच्यासाठी श्रावणात लोक संभाजीनगरहून रात्रभर चालत येतात. 2025 च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापलं तेव्हा काय बंदोबस्त लागला, ते गावाने पाहिलंय. अशा गावात आपण ख्रिस्ती किती? मूठभर. आपली प्रार्थना चालते ती घटनेच्या 25व्या कलमावर. इथे ते कलम छातीशी धरायचं आणि जिथे आपण बहुसंख्य तिथे दुसऱ्याला "सहन करू" म्हणायचं? उद्या कोणी आपल्यालाही तेच म्हटलं, तर कोणत्या तोंडाने भांडणार?

फुटून निघालेला माणूस आपल्याकडेही झालाय. वेर्ण्याचे पाद्री आल्वारिस. 1886 च्या करारात रोम आणि पोर्तुगालने गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालची चर्चेस वाटून टाकली, त्याविरुद्ध ते उभे राहिले. 1889 मध्ये कोट्टायमला सिरियन ऑर्थोडॉक्स बिशप झाले. गोव्यात गोरगरिबांची, आजाऱ्यांची सेवा केली आणि 1923 मध्ये रायबंदरला वारले, पण परत गेले नाहीत. त्यांचा निर्णय मला पटत नाही, पण त्यात लपवाछपवी नव्हती. रोम सोडलं ते उघड सोडलं. लफेव्रवाले मिस्सेत पोपचं नाव घेतात आणि आज्ञा मात्र स्वतःचीच पाळतात. आपल्याकडे याला सवतासुभा म्हणतात.

आणि सवतासुभा एकावर थांबत नाही. त्या चारांपैकी विल्यमसन यांनी ज्यूंसाठीच्या गॅस चेंबरांनाच नाकारलं. 2012 मध्ये संस्थेने त्यांना हाकललं. 2015 मध्ये त्यांनी स्वतःच आणखी एका बिशपाचा अभिषेक केला. म्हणजे फुटीतून आणखी फूट.

रोमलाही दोन शब्द. 2021 मध्ये जुन्या मिस्सेवर जे निर्बंध घातले, त्यांचा फटका बसला तो आज्ञेत राहणाऱ्यांना. बाहेरच्यांचं काय बिघडलं? ते निर्बंध काढा. आपल्याकडेही काही ठिकाणी मिस्सेत गिटार आणि सूचनांचाच वेळ जास्त होतो, तेव्हा शांतता शोधणाऱ्याला मी दोष देणार नाही. लॅटिन हवं त्याला लॅटिन द्या, कांपोससारखा स्वतंत्र बिशपही द्या. पण धर्मस्वातंत्र्यावर तडजोड नको, आणि पापनिवेदन चालेल, लग्न चालेल, आज्ञा नाही, असली अर्धवट सोयही आता पुरे.

कमेंटमध्ये लॅटिनवर भांडू नका, लॅटिनबद्दल माझी तक्रारच नाही. व्हिडिओ पाठवणाऱ्यांनी एवढंच सांगावं, भद्रा मारुतीला चालत जाणाऱ्या शेजाऱ्याला तुम्ही हक्क देणार, की सहन करणार?