माइकला हवेत २ व्होल्ट, मिक्सर देतो ४८

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे सामान शोधणारा माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, कॅनन पिना, पाव इंची पी-३८ जॅक, मोबाइलच्या ईपी पिना असे सगळे तिथे मिळते. दहा-वीस रुपयांची, शर्टाच्या बटणाएवढी एक डबीही मिळते. बाजारात तिला ‘कंडेन्सर माइक’ म्हणतात, तांत्रिक नाव इलेक्ट्रेट. कॉलर माइकच्या टोकाला बहुधा हीच असते. ती ध्वनियंत्रणेच्या मिक्सरला जोडण्यासाठी एका बाजूला ईपी सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला तीन काट्यांची कॅनन पिन असलेला कनव्हर्टरही स्वस्तात मिळतो. हा कनव्हर्टर ज्या तऱ्हेने विकला जातो, ती तऱ्हा बदलायला हवी.

कारण त्यातल्या बहुतेकांच्या आत फक्त दोन-तीन तारा असतात. पिन बदलते, वीज तीच राहते.

कीर्तनकाराचे उदाहरण घ्या. हातात झांजा किंवा चिपळ्या, पूर्वरंग-उत्तररंगात सतत हालचाल. हातातला माइक त्याच्या कामाचा नाही, छातीवर लावलेला कॉलर माइकच हवा. देवस्थानाकडे मिक्सर असतो, कुणीतरी कनव्हर्टर आणतो, माइक लावतो आणि आवाजच येत नाही. इलेक्ट्रेटच्या डबीत एक चिमुकला ट्रान्झिस्टर असतो. त्याला चालायला साधारण २ ते १० व्होल्ट लागतात, तेही रेझिस्टरमधून. मोबाइल किंवा रेकॉर्डर ही वीज स्वतःच पुरवतो, म्हणून तिथे माइक बिनतक्रार चालतो. मिक्सर केबलमधूनच माइकला पाठवतो ती वीज, म्हणजे फँटम पॉवर, बंद असेल, तर डबी उपाशी राहते.

मग कुणीतरी फँटमचे बटण दाबतो. ही वीज ४८ व्होल्टची. कॅनन पिनेच्या २ आणि ३ क्रमांकाच्या काट्यांवर ती प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून येते. डबी जेमतेम अर्धा मिलिअँपिअर ओढते, म्हणजे त्या रेझिस्टरवर साडेतीन व्होल्टसुद्धा पडत नाहीत. १० व्होल्टच्या जिवाला ४४ सोसावे लागतात. माइक मेला, की दोष माइकच्या माथी. लहान मिक्सरवर हे बटण अनेकदा सगळ्या चॅनेलना मिळून एकच असते, त्यामुळे एका माइकसाठी ते दाबले, की वीज सगळीकडे जाते. डायनॅमिक माइकची जोडणी नीट असेल तर त्याला काही होत नाही. दोन्ही काट्यांवर सारखाच दाब असल्याने त्याच्या कॉइलमधून प्रवाहच वाहत नाही.

तिसरी गंमत अधिक फसवी. काही कॉलर माइकच्या ईपी पिनेवर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकच आवाज जोडलेला असतो. मिक्सर तर २ आणि ३ क्रमांकाच्या काट्यांमधला फरक ऐकतो. दोन्हीकडे तेच आले, तर वजाबाकी शून्य. सगळे शाबूत असून शांतता!

यात कुणाचा अडाणीपणा नाही, हे आवर्जून सांगायला हवे. ही दोन वेगळ्या घराण्यांची यंत्रे आहेत. जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी अमेरिकेच्या बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६२ साली फॉइल इलेक्ट्रेट माइक घडवला, तो पुढे टेपरेकॉर्डर, टेलिफोन आणि श्रवणयंत्रांत गेला. ४८ व्होल्टची फँटम आली १९६६ साली, नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी केलेल्या माइकबरोबर. तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, तीच वापरली गेली.

महागडा वायरलेस सेट घेतला की प्रश्न मिटतो, हे खरे. कमरेचा ट्रान्समीटर डबीला हवी तेवढीच वीज देतो. पण एकांकिकेची तालीम करणाऱ्या पोरांना किंवा छोट्या वाचनालयाला तो खर्च कशाला? त्यांना एक छोटे सर्किट पुरते: ४८ व्होल्ट रेझिस्टरने उतरवायचे, झेनर डायोडने ९ व्होल्टच्या आसपास रोखायचे, कपॅसिटरने गाळायचे आणि आवाज ट्रान्झिस्टरमार्फत पुढे सोडायचा. हे सगळे सामान तपकीर गल्लीतच मिळते, आणि आयटीआयचा विद्यार्थी ते डाग देऊन एका दुपारी जोडू शकतो. हे सर्किट बसवलेली छोटी पेटी वक्त्याजवळ ठेवावी आणि तिथून मिक्सरपर्यंतची लांब केबल बॅलन्स्ड असावी, म्हणजे मांडवातल्या रोषणाईची घरघर आत शिरत नाही.

दुकानदारांनी ‘मोबाइलला लावणार की मिक्सरला?’ एवढे विचारले आणि उत्पादकांनी कनव्हर्टरच्या पाकिटावर आत सर्किट आहे की नुसत्या तारा, हे मराठीत छापले, तर शेकडो माइक वाचतील. पारख काउंटरवरच होऊ शकते. कनव्हर्टर फँटम सुरू असलेल्या मिक्सरला लावायचा आणि माइक जोडण्याआधी ईपी सॉकेटवर मल्टिमीटर धरायचा. आकडा १० च्या वर गेला, तर ती वस्तू गिऱ्हाइकाला कॉलर माइकसाठी द्यायची नाही.