कॅमेरा आणि भिंतींतली वीज

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं मुंजीस जाण्याचा आम्हांस योग आला. समारंभ सकाळपासून दुपारपर्यंत चालावयाचा. डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी मात्र सलग चित्रणांत फार तर दीड-दोन तास टिकणारी. म्हणून घरच्या चिरंजीवांनीं तिच्या जागीं तिच्याच आकाराची ‘डमी बॅटरी’ बसवून, तिची तार अडॅप्टरमार्गें भिंतींतल्या विजेस जोडली होती. युक्ति उत्तम! परंतु ऐन मातृभोजनाच्या वेळीं वीज गेली, कॅमेरा तत्क्षणीं बंद पडला, आणि अर्धवट राहिलेली फाईल पुढें उघडेचना. आईच्या ताटांतला बटूचा तो शेवटचा घास पुन्हां कोठून आणावयाचा? माउलीचा चेहरा पाहून आम्हांसही हळहळ वाटली.

दोष यंत्राचा नव्हे. डमी बॅटरींत विजेचा सांठा मुळींच नसतो, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. यास्तव अडॅप्टर यूपीएसच्या मार्फत लावावा. तार पायांत येणार नाहीं अशा बेतानें भिंतीकडेनें न्यावी. प्रत्येक विधि संपतांच चित्रण थांबवून नवें सुरू करावें, म्हणजे एक तुकडा गेला तरी बाकीचे हातीं राहतात. अडॅप्टरही त्याच कॅमेऱ्यासाठीं सांगितलेला असावा. निकॉनचा ईएच-५बी ९ व्होल्ट देतो, तर कॅननचा एसी-ई६एन ८ व्होल्ट. उसनवारी येथें कामाची नाहीं.

लग्नमुंजींच्या दिवसांत आमच्या वाचकांनीं एवढी दक्षता अवश्य बाळगावी.