मसादा आठवला, याव्ने मागे पडलं

मृत समुद्राकाठचा मसादा हा किल्ला आज इस्रायली अस्मितेचं प्रतीक मानला जातो. गंमत म्हणजे तालमूदमध्ये त्याची कथाच नाही. इ.स. ७३-७४च्या सुमारास तिथल्या ९६० जणांनी रोमनांच्या हाती पडण्याऐवजी मरण पत्करलं, हे सांगतो एकटा जोसेफस. तालमूदला आठवतात ते रब्बी योहानान बेन झक्काई. वेढा पडलेल्या जेरुसलेममधून ते शवपेटीत लपून निसटले आणि रोमनांकडून याव्नेची विद्वत्परंपरा मागून घेतली. इ.स. ७० मध्ये मंदिर जळालं. धर्म टिकला तो अशा पाठशाळांमुळे.

विसाव्या शतकातल्या झायनवाद्यांना मात्र तडजोड करणारा पंडित नको होता, लढवय्ये पूर्वज हवे होते. १९२७ साली लामदानचं 'मसादा' हे काव्य आलं. मग तरुणांच्या पदयात्रा, १९६३-६५ मधलं यादीनचं उत्खनन, किल्ल्यावर रणगाडादलाच्या सैनिकांच्या शपथा. जोसेफसनेच लिहिलेलं एक प्रकरण तेवढं गळालं: याच लोकांनी जवळच्या एन गेदीवर छापा घालून सातशेहून अधिक बायका-मुलं मारली होती. प्रयोगशाळेत गैरसोयीची निरीक्षणं अशी गाळली तर नोकरी जाते!

होलोकॉस्टनंतर अशा पूर्वजांची ओढ वाटणं मी समजू शकतो. पण आपण कायम वेढ्यातच आहोत असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं, की समोर बसून बोलणारा भेकड वाटू लागतो. याचं मला भय वाटतं. ही काटछाट पाठ्यपुस्तकांपर्यंत कशी पोचली, हे १९९५ साली सविस्तर दाखवलं तेही नाखमान बेन-येहुदा या इस्रायली समाजशास्त्रज्ञानेच.